न मागता आलेला एआय : कंपन्या तो आपल्या मोबाईलमध्ये का घालतात?

हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगाव या पाचही तालुक्यांत चळवळीचे बरेचसे काम आज व्हॉट्सॲपवर चालते. वर्षावासातील ग्रंथवाचनाचे वेळापत्रक, १४ एप्रिलच्या वर्गणीचा हिशेब, शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख आणि एखाद्या गावात अत्याचाराची घटना घडली तर तिची पहिली खबर, सगळे तिथेच येते. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ११ लाख ७७ हजार असून तिचा फार मोठा भाग खेड्यांत राहतो. यातल्या बहुतेक घरांत संगणक नाही. मोबाईल हाच संगणक, आणि व्हॉट्सॲप हेच इंटरनेट.

याच व्हॉट्सॲपमध्ये २०२४ च्या मध्यापासून एक रंगीत वर्तुळ दिसू लागले. ते 'मेटा एआय'चे बटण. आपल्यापैकी कुणी ते मागितले नव्हते आणि नको असले तरी ते पूर्णपणे काढता येत नाही. बैठकांमध्ये तरुण दोन प्रश्न हमखास विचारतात. हे बंद कसे करायचे? आणि एवढी महागडी वस्तू कंपनी आपल्याला फुकट का देते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर लेखाच्या शेवटी दिले आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी समजून घेऊ, कारण ते कळले तर पहिल्याचे महत्त्वही कळेल.

गेल्या दोन वर्षांत काय घडले?

जून २०२४ मध्ये मेटा कंपनीने व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम आणि मेसेंजर या चारही ठिकाणी भारतात मेटा एआय सुरू केला. त्याच महिन्यात गुगलचे 'जेमिनी' ॲप मराठीसह नऊ भारतीय भाषांमध्ये आले. ऑगस्ट २०२४ पासून गुगलवर काही शोधले की संकेतस्थळांच्या यादीच्या वर एआयने तयार केलेले उत्तर दिसू लागले.

२०२५ मध्ये फुकट वाटपाची लाट आली. जुलैमध्ये एअरटेलने आपल्या सुमारे ३६ कोटी ग्राहकांना 'परप्लेक्सिटी प्रो' वर्षभर मोफत देऊ केले. त्याची किंमत १७ हजार रुपये सांगितली गेली. त्याच महिन्यात गुगलने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना १९,५०० रुपयांची एआय योजना वर्षभर फुकट दिली. ३० ऑक्टोबरला जिओ आणि गुगलने मिळून ३५,१०० रुपये किमतीची योजना १८ महिन्यांसाठी मोफत जाहीर केली आणि सुरुवात १८ ते २५ वयोगटापासून केली. ४ नोव्हेंबरपासून ओपनएआयने महिन्याला ३९९ रुपये घेणारी 'चॅटजीपीटी गो' योजना भारतीयांना एक वर्षासाठी मोफत केली.

या योजनांचा नेम कोणावर आहे ते पाहा. तो विद्यार्थ्यांवर आणि तरुणांवर आहे, म्हणजे हा लेख वाचणाऱ्यांवर.

लादणे म्हणजे नेमके काय?

कंपन्या म्हणतात, आम्ही फक्त सोय उपलब्ध करून देतो, वापरायची की नाही ते तुम्ही ठरवा. पण सोय देणे आणि लादणे यांतला फरक पद्धतीवरून ओळखता येतो. सध्या प्रामुख्याने चार पद्धती वापरात आहेत.

पहिली, आधीच चालू करून ठेवणे. आपल्याला विचारून सुविधा सुरू होत नाही. ती सुरूच असते आणि बंद करायची तर आपण सेटिंग शोधायची.

दुसरी, रोजच्या वाटेत उभे राहणे. व्हॉट्सॲपमध्ये जिथे आपण जुना मेसेज किंवा माणसाचे नाव शोधतो, त्याच चौकटीत आता एआयला विचारण्याचे आमंत्रण असते. बोट चुकले की संभाषण सुरू.

तिसरी, गाठ मारून विकणे. मायक्रोसॉफ्टने आपल्या ऑफिस सॉफ्टवेअरच्या वैयक्तिक योजनेत 'कोपायलट' घातला आणि अनेक देशांत दर वाढवले. ऑस्ट्रेलियातील ग्राहक संरक्षण आयोगाने ऑक्टोबर २०२५ मध्ये कंपनीला न्यायालयात खेचले. आरोप असा की, कोपायलट नसलेली जुन्या दराची योजना उपलब्ध असूनही सुमारे २७ लाख ग्राहकांना ती सांगितली गेली नाही. वर्गणी रद्द करायला निघालेल्यालाच ती दिसत होती. पुढे कंपनीने ग्राहकांची माफी मागून पैसे परत देण्याची तयारी दाखवली.

चौथी, फुकटची मुदत. वर्षभर सवय लावायची, मग बिल पाठवायचे. काही योजनांमध्ये सुरुवातीलाच कार्ड किंवा यूपीआय जोडून घेतले जाते. मुदत संपल्याची तारीख आपण विसरलो तरी ते विसरत नाहीत.

कारण पहिले : ओतलेला पैसा

एआय चालवायला प्रचंड डेटा सेंटर, महागड्या चिप, वीज आणि पाणी लागते. मायक्रोसॉफ्ट, गुगलची मालक कंपनी अल्फाबेट, ॲमेझॉन आणि मेटा या चार कंपन्यांनी २०२५ च्या सुरुवातीला जाहीर केलेला वर्षभराचा भांडवली खर्च मिळून ३०० अब्ज डॉलरच्या वर जात होता. रुपयांत हा आकडा २५ लाख कोटींच्या पुढे जातो. महाराष्ट्र सरकारचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प सुमारे ७ लाख कोटींचा होता. म्हणजे चार कंपन्यांचा एका वर्षाचा खर्च आपल्या राज्याच्या तिप्पटीहून अधिक. हा सगळा खर्च एआयवरचा नसला, तरी वाढ मुख्यतः त्याच्यासाठीच होती.

एवढा पैसा लावला की भागधारक दर तीन महिन्यांनी विचारतात, हे वापरतो कोण? त्या प्रश्नाला द्यायला आकडा लागतो. मे २०२५ मध्ये मेटाचे प्रमुख मार्क झुकेरबर्ग यांनी सांगितले की मेटा एआय महिन्याला १०० कोटी लोक वापरतात. कोट्यवधी लोक आधीच वापरत असलेल्या ॲपमध्ये बटण बसवले की असा आकडा लवकर गाठता येतो. चुकून बोट लागलेला माणूस आणि मनापासून वापरणारा माणूस यांतला फरक त्या एका आकड्यात दिसत नाही. आपण ज्याला सुविधा समजतो, ती शेअर बाजारासमोर पुरावा म्हणूनही मांडली जाते.

कारण दुसरे : पहिल्या जागेची किंमत

माणूस समोर आहे तेच वापरतो. सेटिंग बदलणारे थोडेच असतात. कंपन्यांना हे चांगले ठाऊक आहे आणि त्याची किंमतही त्यांनी मोजली आहे. अमेरिकेतील खटल्यात उघड झाले की फोन आणि ब्राउझरमध्ये आपले सर्च इंजिन आधीपासून बसवलेले असावे, यासाठी गुगलने २०२१ या एकाच वर्षात इतर कंपन्यांना २६.३ अब्ज डॉलर दिले. त्या खटल्यात ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायालयाने गुगलने मक्तेदारी बेकायदेशीरपणे टिकवल्याचा निकाल दिला.

सर्चची ही जागा उद्या एआय घेईल, असे कंपन्यांना वाटते. ज्याचा एआय आज आपल्या बोटाखाली असेल, त्याचीच उद्या सवय होईल. म्हणून वस्तू पुरती तयार नसली तरी जागा अडवून ठेवायची. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसाच हा प्रकार.

कारण तिसरे : मागे पडण्याची भीती

३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आले. गुगलचे बहुतांश उत्पन्न जाहिरातींतून येते आणि त्यातला मोठा वाटा सर्चचा. लोक गुगलला न विचारता चॅटजीपीटीला विचारू लागले तर त्या धंद्याच्या मुळालाच धक्का. म्हणून गुगलने घाईघाईने आपला एआय शोध, ईमेल, नकाशे आणि मोबाईलमध्ये घातला. घाईचे परिणामही दिसले. मे २०२४ मध्ये अमेरिकेत गुगलच्या एआय उत्तरांनी पिझ्झ्यावर चीज चिकटून राहावे म्हणून डिंक वापरण्याचा आणि रोज एक छोटा दगड खाण्याचा सल्ला दिला. कंपनीला काही प्रश्नांवरची उत्तरे मागे घ्यावी लागली.

मेटाची भीती वेगळी आहे. तिच्याकडे स्वतःची मोबाईल प्रणाली नाही. तिची दारे म्हणजे तिची ॲप. म्हणून त्या दारांत दुसरा कुणी उभा राहू नये अशी तिची धडपड आहे. १५ जानेवारी २०२६ पासून लागू झालेल्या नियमांनी व्हॉट्सॲपच्या व्यावसायिक सेवेवर चॅटजीपीटीसारखे इतर कंपन्यांचे सर्वसाधारण चॅटबॉट चालवायला बंदी घातली. इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने मेटा एआय व्हॉट्सॲपमध्ये घालण्याबद्दल जुलै २०२५ मध्येच चौकशी सुरू केली होती. डिसेंबरमध्ये त्याने ही बंदी थांबवण्याचा अंतरिम आदेश दिला. युरोपीय आयोगानेही त्याच महिन्यात चौकशी उघडली.

कारण चौथे : आपले बोलणे हाच कच्चा माल

फेसबुकवर आपण लाइक करतो, तेव्हा कंपनीला आपली आवड कळते. एआयला आपण प्रश्न विचारतो, तेव्हा आपली अडचण कळते. कर्ज कसे फेडू, आंतरजातीय लग्नाला घरचे तयार नाहीत, छातीत दुखते, नोकरी मिळत नाही, असे प्रश्न माणूस शेजाऱ्यालाही विचारत नाही. मेटाने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केले की एआयशी झालेल्या संभाषणांचा उपयोग १६ डिसेंबरपासून जाहिराती आणि मजकूर निवडण्यासाठी केला जाईल. युरोपीय संघ, ब्रिटन आणि दक्षिण कोरियातील लोकांना त्यातून तूर्त वगळले. भारतीयांना वगळले नाही. ज्या देशांत कायदा कडक आणि त्याची अंमलबजावणी होते, तिथे कंपनी थांबते, हा यातला धडा आहे.

दुसरा उपयोग प्रशिक्षणाचा. मोफत चॅटजीपीटीमध्ये सेटिंग बदलली नाही, तर आपली संभाषणे पुढील मॉडेल शिकवण्यासाठी वापरली जाऊ शकतात. जेमिनीतील काही संभाषणे माणसेही तपासतात, म्हणून गोपनीय माहिती देऊ नका असे गुगल स्वतःच सांगते. २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख लोकांची मातृभाषा मराठी होती, पण इंग्रजीच्या तुलनेत इंटरनेटवरचा मराठी मजकूर अगदी थोडा आहे. आपण मराठीत, तेही मराठवाडी बोलीत टाइप करतो किंवा बोलतो, तेव्हा इतरत्र सहज न मिळणारा माल आपण विनामोबदला पुरवत असतो. सामाजिक मानसशास्त्रज्ञ शोशाना झुबॉफ यांनी माणसाच्या वागण्याची नोंद ठेवून तिचा बाजार मांडणाऱ्या या व्यवस्थेला 'पाळतीची भांडवलशाही' म्हटले आहे. शेतमजुराच्या घामाला निदान मजुरीचा दर तरी ठरलेला असतो.

कारण पाचवे : भारत ही मोठी पेठ

भारतात व्हॉट्सॲप वापरणारे ५० कोटींच्या वर आहेत. ओपनएआयचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये भारत ही आपली दुसऱ्या क्रमांकाची बाजारपेठ असल्याचे सांगितले. इथे वापरणारे भरपूर, पण महिन्याला हजार-दोन हजार रुपये मोजणारे कमी. म्हणून आज पैशांऐवजी वापर आणि सवय गोळा केली जाते. वसुलीचे मार्ग पुढे ठरतात : वर्गणी, रिचार्जमध्ये मिसळलेला दर किंवा जाहिरात. ओपनएआयने जानेवारी २०२६ मध्ये अमेरिकेत मोफत आणि 'गो' योजनेत जाहिरातींची चाचणी घेणार असल्याचे जाहीर केले. जी 'गो' योजना भारतात वर्षभर फुकट वाटली, तीच ही.

'फुकट' हा शब्द महाराष्ट्राने आधीही ऐकला आहे

फेब्रुवारी २०१५ मध्ये फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्ससोबत भारतातील काही राज्यांत मोफत इंटरनेटची योजना सुरू केली. त्यात महाराष्ट्रही होता. पुढे तिला 'फ्री बेसिक्स' नाव दिले गेले. नाव इंटरनेटचे असले तरी फुकट मिळत होती ती फेसबुकने मान्य केलेली मोजकी संकेतस्थळे. डिसेंबर २०१५ मध्ये झुकेरबर्ग यांनी एका भारतीय वृत्तपत्रात लेख लिहून योजनेची बाजू मांडली आणि उदाहरण महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याचे दिले. गरिबाच्या नावाने मक्तेदारी मागण्याची ही रीत तेव्हा अनेकांनी ओळखली. देशभरातून लाखो ईमेल दूरसंचार नियामकाकडे गेले आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने मजकुरानुसार वेगवेगळे दर लावण्यावर बंदी घातली. योजना गुंडाळावी लागली.

त्याच वर्षी ५ सप्टेंबरला जिओ आले. ३१ मार्च २०१७ पर्यंत डेटा फुकट होता. त्या काळात गावागावांत इंटरनेट पोहोचले, हा लाभ खरा आहे. आपल्या चळवळीलाही त्याने आवाज दिला. पण त्यानंतर बाजारात मोजक्याच कंपन्या उरल्या आणि दर वेळोवेळी वाढत गेले, हेही तितकेच खरे.

या दोन घटनांतून दोन गोष्टी कळतात. फुकटपणा हा धंद्याचा एक टप्पा असतो. आणि लोकांनी संघटितपणे नकार दिला, तर जगातल्या मोठ्या कंपनीलाही मागे जावे लागते.

आपल्या समाजाला याची किंमत काय?

एआय लिहिलेल्या मजकुरातून शिकतो. शतकानुशतके लिहिण्याचा अधिकार कोणाकडे होता हे आपल्याला वेगळे सांगायला नको. ऑक्टोबर २०२५ मध्ये 'एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू' या नियतकालिकाने एक तपास प्रसिद्ध केला. समाजशास्त्राच्या एका दलित संशोधकाने आपल्या अर्जाची इंग्रजी सुधारण्यासाठी तो चॅटजीपीटीला दिला, तेव्हा त्याने न सांगता त्याचे आडनाव बदलून 'शर्मा' केले. त्याच तपासात जीपीटी-५ ला दलित आणि ब्राह्मण यांपैकी एक शब्द निवडून भरायची १०५ वाक्ये दिली होती. त्यातल्या ८० वाक्यांत, म्हणजे ७६ टक्के वेळा, त्याने जातीय पूर्वग्रहाला धरून असलेलाच शब्द निवडला. एआयमधील पक्षपात मोजण्याच्या प्रचलित चाचण्यांत वंश, लिंग यांचा विचार असतो, जातीचा बहुधा नसतो, हेही त्यात नोंदवले आहे.

लादण्याच्या घाईचा खरा धोका इथे आहे. जातीच्या कसोटीवर न तपासलेली वस्तू कोट्यवधी भारतीयांच्या हातात आधी दिली जाते आणि दोष नंतर शोधले जातात. चाचणी आपल्यावर होते. उद्या नोकरीचे अर्ज, कर्जाची पात्रता किंवा भाडेकरूची निवड अशीच यंत्रे करू लागली, तर आडनाव पाहून दार बंद करणारा माणूस समोर दिसणारही नाही. मग तक्रार कुणाविरुद्ध करायची?

दुसरी किंमत चुकीच्या माहितीची. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने केएमजी वायर्स या कंपनीविरुद्धचा आयकर विभागाचा आदेश रद्द केला, कारण त्यात अस्तित्वातच नसलेल्या निवाड्यांचा आधार घेतला होता. एआयच्या उत्तरांवर आंधळेपणाने विसंबू नका, असे न्यायालयाने बजावले. आयकर अधिकारी फसू शकतो, तर अत्याचार प्रकरणात रात्री दहा वाजता तक्रार लिहायला बसलेला आपला कार्यकर्ताही फसू शकतो.

एक उदाहरण लक्षात ठेवा. सर्वोच्च न्यायालयाच्या २० मार्च २०१८ च्या निकालात अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची सूचना होती. संसदेने त्याच वर्षी कलम १८-अ घालून ती अट काढली आणि १ ऑक्टोबर २०१९ ला न्यायालयानेही ते निर्देश मागे घेतले. जुन्या मजकुरावर शिकलेल्या यंत्राने 'आधी चौकशी लागते' असे सांगितले आणि आपण पोलिस ठाण्यातून परत फिरलो, तर नुकसान पीडिताचे होईल. तसेच १ जुलै २०२४ पासून एफआयआर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली नोंदवला जातो. जुन्या संहितेचे कलम १५४ सांगणारे उत्तर कालबाह्य आहे.

सरकारी दारातून येणारा एआय

कंपनीला निदान 'नको' म्हणता येते. सरकारी योजनेत तीही सोय राहत नाही. १ जुलै २०२५ पासून पोषण ट्रॅकर ॲपमध्ये घरपोच आहारासाठी लाभार्थीचा चेहरा ओळखण्याची पद्धत देशभर सक्तीची झाली. गरोदर आणि स्तनदा मातांचे फोटो, ओटीपी, नेटवर्क हा सगळा भार अंगणवाडी सेविकांवर आला. ज्या वाडी-तांड्यावर रेंज येत नाही, तिथे यंत्राने चेहरा ओळखला नाही म्हणून आहार अडू नये, हे पाहणे आपले काम आहे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने 'आपले सरकार'च्या सेवा व्हॉट्सॲपवर आणण्यासाठी मेटासोबत करार केला. तहसीलचा हेलपाटा वाचणार असेल तर स्वागतच आहे. मात्र जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला मिळवण्याची वाट एका खासगी कंपनीच्या ॲपमधून जात असेल, तर सेतू केंद्र आणि कागदी अर्जाची वाट खुली ठेवा, ही मागणी आत्तापासून लावून धरली पाहिजे.

मग एआय वापरूच नये का?

तसे म्हणणे चूक ठरेल. इंग्रजीत निघालेले परिपत्रक सोप्या मराठीत समजून घेणे, वसतिगृहातल्या मुलाने स्पर्धा परीक्षेचा सराव करणे, दृष्टिहीन व्यक्तीने कागद वाचून घेणे, यासाठी ही साधने उपयोगी आहेत. ज्यांना इंग्रजी शाळा आणि महागडे क्लास मिळाले नाहीत, त्यांना तर जास्तच. ज्ञानाची साधने नाकारणे ही आपली परंपरा नाही. तपासून, अनुभवून स्वीकारा असे बुद्धांनी कालामांना सांगितले, ते इथेही लागू आहे. वापर आपल्या अटीवर व्हावा. चालू करायचे की नाही हे आपण ठरवावे, आणि नको असेल तर ते पूर्ण बंद करता यावे.

कायदा आपल्या बाजूने किती?

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला. त्यानुसार संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त आणि निःसंदिग्ध हवी. दिलेली संमती मागे घेणे देण्याइतकेच सोपे असावे. सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत, म्हणजे मराठीतही, मिळण्याचा पर्याय हवा. १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, पण कंपन्यांना १८ महिने दिले आहेत. म्हणजे मुख्य तरतुदी मे २०२७ पासून लागू होतील. तोपर्यंतच्या काळात सवयी लावून घेण्याची घाई चालली आहे.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यात १३ प्रकार सांगितले आहेत. सक्तीची कृती, सतत टोचणी आणि वर्गणीचा सापळा हे त्यातलेच. पैसे भरून घेतलेल्या सेवेत असे काही आढळले तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

'मान्य करा नाहीतर ॲप सोडा' अशा पद्धतीने व्हॉट्सॲपने २०२१ मध्ये गोपनीयता धोरण लादले, म्हणून भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३ कोटी १४ लाखांचा दंड केला. अपील न्यायाधिकरणाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दंड कायम ठेवला, पण जाहिरातींसाठी माहिती देण्यावरची पाच वर्षांची बंदी उठवली.

कार्यकर्त्यांनी आज काय करावे?

१. अफवा पसरवू नका. 'मेटा एआय सगळ्या ग्रुपचे मेसेज वाचतो' हा फिरणारा मेसेज खरा नाही. वैयक्तिक आणि ग्रुपचे मेसेज कूटबद्ध असतात. एआयला थेट पाठवलेले किंवा त्याचा उल्लेख करून लिहिलेले मेसेजच त्याच्याकडे जातात. चुकीच्या आरोपाने आपली खरी तक्रार कमजोर होते.

२. ग्रुपच्या नावावर टॅप करून 'ॲडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी' चालू करा. त्यामुळे त्या ग्रुपमधील मजकूर एआय सुविधांसाठी वापरणे आणि संपूर्ण चॅट बाहेर काढणे रोखले जाते. स्क्रीनशॉट मात्र त्याने थांबत नाही.

३. चॅटजीपीटीच्या सेटिंगमध्ये 'डेटा कंट्रोल्स'मध्ये जाऊन मॉडेल सुधारण्यासाठीची परवानगी बंद करा. जेमिनीमध्ये ॲक्टिव्हिटी साठवणे बंद करा. गुगल शोधात एआय उत्तर नको असेल तर 'वेब' हा पर्याय निवडा.

४. फुकट योजना घेतली असेल तर संपण्याची तारीख लिहून ठेवा. यूपीआय ॲपमधील 'ऑटोपे' यादी महिन्यातून एकदा तपासा आणि नको ते रद्द करा.

५. पीडितांची नावे, एफआयआर, वैद्यकीय कागद, आधार, जातीचे दाखले कोणत्याही एआयमध्ये टाकू नका. लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख उघड करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे.

६. कायद्याचे कलम मूळ कायद्यात पाहा किंवा वकिलाला विचारा. बाबासाहेबांचे म्हणून एआयने दिलेले वाक्य बॅनरवर छापण्याआधी महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या लेखन आणि भाषणांच्या खंडांत शोधा. खंड आणि पान सापडले नाही तर छापू नका.

७. जातीय पूर्वग्रह दाखवणारे उत्तर मिळाले तर तारीख, विचारलेला प्रश्न आणि उत्तर यांचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. एकट्याचा स्क्रीनशॉट म्हणजे किस्सा. जिल्ह्यातून अशा शंभर नोंदी जमल्या तर तो पुरावा होतो.

शेवटचे काम एकट्याने होणारे नाही. विहारात रविवारी वंदनेनंतर तासभर बसून वरच्या सगळ्या सेटिंग एकमेकांच्या मोबाईलमध्ये करून देता येतील. सुरुवात घरातल्या आई-वडिलांच्या फोनपासून करा, कारण त्यांच्याकडून ते बटण सर्वांत जास्त वेळा चुकून दाबले जाते.